करंजाखालची माती

“डबा घेतलीस न्हवं?” संग्रामनं परत विचारलं. शब्द जड येत होते, पण चंपाला आता ते बरोबर कळायचे.

“घेतला की. बी घेतलंय, टोकणीची काठी घेतलीया, डबा घेतलाय. तुमाला तेवढं पिशवीत घालायचं राहिलंय.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. संक्रांतीनंतर एका सकाळी संग्राम दात घासता घासता मोरीत कोसळला, तेव्हापासून त्याची उजवी बाजू गेली होती. बंगळूरच्या येलहंक्यातल्या त्या लहानशा घरात त्याचा पलंग खिडकीशी ओढून घेतला होता, आणि खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी सोडून काही दिसत नव्हतं. पण तो हसला. हसताना हल्ली तोंडाची डावी बाजूच काय ती वर जायची.

“मधलं ढेकूळ आण. कडंचं नगो,” तो म्हणाला. “आणि कचरा उचलू नगंस. बाजूला सारायचा, भोक पाडायचं, बी टाकायचं, कचरा परत वर.”

“मला शिकवू नगासा. तुमच्या मागनं वाकून वाकून माझी कंबर गेली.”

“पुढच्या साली मी येतोच,” संग्राम म्हणाला. “तवर रान तसंच्या तसं राहू दे. मग काय काळजी न्हाई.”

चंपानं मान हलवली आणि चपला घातल्या. डॉक्टरांनी पुढच्या सालाचं काही सांगितलं नव्हतं. पण हा माणूस व्यायाम करत होता, गोळ्या घेत होता, पेज गिळत होता ते त्या रानासाठी, हे तिला ठाऊक होतं. बायकोसाठी त्यानं एवढं केलं असतं की नाही, याची तिला खात्री नव्हती.

रान म्हणजे आनेकलच्या पुढं एका खेड्यात पाऊण एकराचा तुकडा. संग्राम मूळचा निपाणीकडचा. बापाचं तंबाखूचं रान भावाभावांत वाटून हातरुमालाएवढं राहिलं, तेव्हा तो बंगळूरला आला आणि रेल्वेची चाकं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात लेथवर उभा राहिला. तिथंच केस पिकले. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या लोकांनी हेब्बाळकडं फ्लॅट घेतले. यानं लाल मातीचा तुकडा घेतला. “लोक बंगळूरला कंप्युटर शिकाय येत्यात, आमचं हे शेतकरी व्हायला आल्यात,” असं चंपा हळदीकुंकवाला सांगायची आणि बायका हसायच्या.

रान घेतलं तेव्हा माती विटेसारखी होती. कुदळ मारली की मनगटं झिणझिणायची. फक्त बांधावरच्या करंजाखाली, जिथं कुणाचा नांगर कधी पोचला नव्हता, तिथं बोट सहज आत जायचं आणि माती काळसर निघायची. संग्राम त्या झाडाखाली बराच वेळ उकिडवा बसून राहिला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यानं जे घेतलं ते घेतलं. या रानात नांगर घालायचा नाही. पीक काढलं की धसकटं जागेवर ठेवायची, मध्ये हुलगा पेरायचा, तो कापून तिथंच अंथरायचा. ओळखीच्या वर्कशॉपात त्यानं लेथवर लोखंडी टोक काढून घेतलं, ते काठीला बसवलं, आणि त्या काठीनं एकेक भोक पाडून तो रागी लावायचा. निपाणीला असताना तो तिला नाचणी म्हणायचा, पण या गावात राहून त्याची रागी झाली.

पहिली तीन वर्षं रागी इतकी कमी आली की चंपा ती स्वयंपाकघरातल्या डब्यात भरायची आणि वरून पुन्हा वाण्याकडून आणायची. सगळं गाव हसलं. शेजारच्या रानाचा मुनिराजू तर तोंडावर म्हणायचा, “सार शेती करत नाहीत, शेताला झोपवतात.” मग एका वर्षी कणसं धरायच्या वेळीच पावसानं दडी मारली. गावातली रागी माना टाकून बसली आणि संग्रामची उभी राहिली. त्या वर्षी मुनिराजूच्या घरी याच्या रानातली रागी गेली. पुढच्या हंगामात मुनिराजूनंही आपल्या एका तुकड्यात नांगर घातला नाही. पीक निम्म्यावर आलं, तसं त्यानं ते सोडून दिलं.

“तुम्हाला पेन्शन येते, सार,” तो म्हणाला होता. “मी शेताला तीन वर्षं आराम दिला तर पोरं काय खातील?”

 त्यावर घरी येऊन संग्राम दोन दिवस नीट जेवला नव्हता.

आणि मग तो ग्लासाचा खेळ. दरवर्षी पेरणीच्या आधी संग्राम रानाच्या मधलं एक सुकं ढेकूळ घरी आणायचा आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडायचा. नांगरलेल्या रानातलं ढेकूळ पाण्यात पडलं की फसकन विरघळायचं आणि पाणी चहासारखं व्हायचं. त्याचं ढेकूळ पहिल्या वर्षी विरघळलं, दुसऱ्या वर्षीही विरघळलं. पुढं पुढं ते जरा टिकायला लागलं. गेल्या वर्षी रात्रभर पाण्यात राहून सकाळी तसंच होतं. तेव्हा संग्रामनं पवित्राला, त्यांच्या मुलीला, ऑफिसात फोन करून सांगितलं होतं. ती मीटिंगमध्ये होती.

मॅजेस्टिकला बस बदलून आनेकलच्या बसमध्ये बसेपर्यंत चंपाला घाम फुटला. टोकणीची काठी कुणाला तरी लागायची म्हणून तिनं टोकाला फडकं गुंडाळलं होतं, तरी कंडक्टर कुरकुरला. आनेकलहून पुढं ती रिक्षानं गेली. आठवडाभर पाऊस नव्हता. फाट्यावर उतरून तिनं चढण चढली आणि लांबूनच तिला बगळे दिसले.

पांढरेशुभ्र बगळे, अख्खा थवा. वाटेत दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं होती, तिथं एकही नव्हता. सगळे एकाच ठिकाणी उतरत होते, चालत होते, माना खाली घालत होते. किती छान दिसतंय, असं तिच्या मनात आलं. संग्रामला सांगायला हवं, असंही आलं. मग तिला ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला, आणि बगळे कुणाच्या रानात आहेत ते कळलं.

ती धावली. या वयात, हातात काठी नि पिशवी घेऊन, साडी सावरत ती बांधापर्यंत धावली.

रान पार उलटं झालं होतं. हुलग्याचं अंथरूण नाही, धसकटं नाहीत, काही नाही. रोटाव्हेटरनं सगळं दळून काढलं होतं आणि वर लालसर भुसभुशीत माती पसरली होती, चाळून ठेवल्यासारखी. दिसायला ती सुंदरच होती. ट्रॅक्टरच्या मागं बगळे चालले होते आणि ओल्या मातीतून गांडुळं ओढून काढत होते. तुटलेली, अख्खी, सगळी.

“बन्नी अक्का, या या!” मुनिराजू हात उंचावून तिच्याकडं आला. धुळीनं माखलेला, आनंदानं फुललेला. त्याच्यामागं गावातले चार-पाच जण होते. “तुम्ही पेरायला येण्याच्या आधी संपवायचं होतं, स्वल्प राहिलं. बघा, बघा कसं झालंय!”

चंपानं काठी बांधाला टेकवली.

“सारांना सांगा, टेन्शन घेऊ नका. तुमचं रान आधी, मग आमचं. आम्ही सगळ्यांनी मिळून ट्रॅक्टर आणला.”

त्या गावात रीतच होती ती. घरचा पुरुष अंथरुणाला खिळला की गावानं त्याचं रान आधी नांगरायचं आणि पैशाचं नाव काढायचं नाही. चंपाच्या माहेरी याला इर्जिक म्हणायचे. ती लहान असताना तिच्या वडिलांचा पाय मोडला, तेव्हा गावातल्या बैलजोड्या त्यांच्या रानात उतरल्या होत्या आणि तिची आई दारात उभी राहून रडली होती. इर्जिकीत जेवण रानाच्या मालकानं घालायचं असतं. इथं तेही मुनिराजूच्या घरून येणार होतं.

“पण मुनिराजू, ह्यांचं ते... नांगरायचं न्हाई असं...” चंपाला कानडी चांगली यायची, पण आत्ता शब्द सापडेनात.

“माहीत आहे की, अक्का.” मुनिराजूनं आवाज खाली आणला. “सार होते तोवर वेगळं होतं. ते बसून एकेक तण हातानं उपटायचे. आता कोण उपटणार? मेच्या पावसानंतर कमरेएवढं गवत झालं होतं. मी रोज बघायचो. आजारी माणसाचं रान असं जंगल झालेलं मला बघवेना. सारांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. एक बैल मागितला नाही, एक दिवस माणूस मागितला नाही. आता तरी करू द्या आम्हाला.”

आणि तो खरंच बोलत होता, हेच वाईट होतं. गवत वाढलंच असणार. चंपा एकटी काठीनं किती भोकं पाडणार होती, हे घरी बसून संग्रामनं ठरवलं होतं, तिनं नाही.  पण एवढी वर्षं तिनं या कचऱ्याला नावं ठेवली, आणि आता तो कचरा गेल्यावर तिला वाटलं की घरातून कुणीतरी भांडी-कुंडी उचलून नेली.

ट्रॅक्टर शेवटच्या पट्ट्याकडं वळला. करंजाच्या बाजूचा एवढासा कोपरा राहिला होता. थांबवा, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं. मुनिराजू तिच्या तोंडाकडं बघत होता, एखाद्या पोरानं चित्र दाखवून बघावं तसा. बाकीचेही बघत होते. आता ओरडून काय वाचणार होतं?

“झाडाखालचं राहू दे,” ती म्हणाली. “मुळ्या तुटतील.”

“सरी अक्का, बरं!” मुनिराजूनं ड्रायव्हरला हाक मारली. ट्रॅक्टर करंजाला वळसा घालून निघून गेला.

पिशवीतलं बियाणं तिनं मुनिराजूच्या हातात दिलं. संग्रामनं डाव्या हातानं, पलंगावर ताट घेऊन, महिनाभर निवडलेली रागी. माणसांनी ती मुठीनं फेकून पेरली, मागून काटेरी फांदी ओढून माती सारखी केली, आणि बघता बघता काम झालं. टोकणीची काठी चंपानं बांधाला टेकवून ठेवली होती. फडकं सोडायची वेळच आली नाही.

मुनिराजूची बायको गौरम्मा डोक्यावर पाटी घेऊन आली. करंजाच्या सावलीत पानं मांडली. रागीचे मुद्दे म्हणजे उकडीचे गरम गोळे, सुक्या पावट्याचं सारू, आणि पाहुणी आली म्हणून पायस.

“ऊटा माडी अक्का, जेवा पोटभर,” गौरम्मा म्हणाली. “किती बारीक झालात. माणसाचं दुखणं बाईला खातं.”

चंपा जेवली. पायस तिनं दुसऱ्यांदा घेतलं. उठताना तिनं गौरम्माचे दोन्ही हात धरले आणि “फार केलंत” म्हणाली. तिचे डोळे भरून आले. गौरम्मालाही रडू आलं. दोघी वेगवेगळ्या गोष्टींसाठी रडत होत्या, पण एकमेकींना धरून.

सगळे पांगल्यावर तिनं डबा काढला. रानाच्या मधोमध जाऊन मूठभर माती उचलली. ती बोटांतून गळून गेली. ढेकूळ म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. मग ती करंजाखाली आली, टोकणीच्या काठीनंच तिथली जमीन उचकली आणि एक काळसर ढेकूळ डब्यात ठेवलं. काठी तिनं झाडाला टेकवली आणि तिथंच सोडली.

आनेकलला बसमध्ये बसताच पाऊस आला. जोराचा, अर्ध्या तासाचा. रस्त्याच्या कडेनं लाल पाणी वाहू लागलं. असं पाणी दिसलं की संग्राम हमखास म्हणायचा, “बघ, कुणाचं तरी रान चाललंय.” चंपानं खिडकी लावून घेतली.

मॅजेस्टिकहून तिनं पवित्राला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“ओह गॉड,” पवित्रा म्हणाली.  “आई, अप्पांना सांगू नको हं. प्लीज. आत्ता कुठं थेरपीला रिस्पॉन्स देताहेत. स्ट्रेस द्यायचा नाही म्हणालेत ना डॉक्टर? सगळं ओके आहे म्हण. ते कुठं बघायला जाणारेत?”

“ते कुठं बघायला जाणारेत” हे चंपाच्या कानात येलहंक्यापर्यंत वाजत राहिलं. पोरीच्या मनात तसं काही नव्हतं. पण खरं तेच होतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. संग्राम उशीला टेकून बसला होता. केस विंचरलेले. ग्लास पाण्यानं भरून खिडकीत ठेवला होता. दुपारी सोबतीला येणाऱ्या बाईला सांगून त्यानं तो भरून घेतला असणार.

“झालं पेरून?”

“झालं.”

“एकटीनं?”

“मुनिराजू आला हुता मदतीला.”

चंपानं डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला आणि चहा ठेवायला आत वळली. तिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. पण वाट पाहूनही मागून काही आवाज आला नाही, म्हणून ती परत आली.

संग्रामनं ढेकूळ नाकाजवळ नेलं होतं. मग डाव्या अंगठ्यानं त्याचा एक कोपरा मोडला आणि दिव्याकडं धरून बघितला.

“चंपा, यात रागीचं मूळ न्हाई.”

तिनं डब्याचं झाकण उचलून हातात घेतलं.

“आमच्या ढेकळात बारीक जाळं असतंय मुळांचं. ह्यात न्हाई.” तो दमला, थांबला. “करंजाखालचं हाय न्हवं हे?”

वाटेत तिनं सगळं ठरवलं होतं. काय म्हणायचं, कसं हसायचं. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. संग्राम थांबला. घाई करायची सवय आता त्याला राहिली नव्हती.

“मुनिराजूनं केलं?”

तिनं मान हलवली. “तुमाला बरं न्हाई म्हणून. सगळ्यांनी मिळून. रीत हाय त्यांची.”

“रोटाव्हेटर?”

“व्हय.”

“किती खोल?”

“वीतभर आसंल.”

संग्रामनं डोळे मिटले. चांगला हात चादरीवर पालथा पडला होता, तो हलला नाही. मग त्यानं विचारलं, “बगळे आलं हुतं?”

“व्हय.”

“लई?”

“लई आलं हुतं.”

तो खिडकीकडं बघू लागला. शेजारच्यांची टाकी भरून पाणी सांडत होतं आणि कुणी बंद करत नव्हतं. चंपाला वाटलं, आता हा काही बोलणार नाही. आज नाही, उद्याही नाही. त्यानं दोन-चार शिव्या दिल्या असत्या, डबा फेकला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

“जेवाय काय घातलं त्यांनी?” संग्रामनं विचारलं.

“मुद्दे. सारू. पायस केलं हुतं.”

“जेवलीस न्हवं नीट? तोंड पाडून न्हाईस न्हवं आलीस?”

“न्हाई. दुसऱ्यांदा घेतलं पायस.”

“बरं केलीस.” त्यानं मान तिच्याकडं वळवली. “फोन लाव त्याला.”

“आता कशाला? उद्या बोला.”

“लाव.”

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून त्याच्या उशीशी धरला. मुनिराजूला वाटलं अक्काच बोलतेय. “पोचलात का अक्का? पाऊस बघितलात? पेरलं आणि पाऊस! सारांचं नशीब!”

“मुनिराजू,” संग्राम म्हणाला.

 आजारी पडल्यापासून मुनिराजूनं त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो ओरडलाच, “सार! सार, तुम्ही बोललात! गौरम्मा, इकडं ये, सार बोलतायत!”

“रान... चांगलं केलंत,” संग्राम कानडीत म्हणाला. एकेक शब्द तो उचलून ठेवत होता. ओठाच्या उजव्या कडेनं लाळ आली, चंपानं पदरानं पुसली. “सगळ्यांना... सांग. लई उपकार झाले.”

“काय सार, उपकार कसले! तुमचं रान ते आमचं रान. तुम्ही बरे व्हा फक्त. दरवर्षी आम्ही करून देतो, तुम्ही काळजीच करायची नाही!”

 चंपाला वाटलं, आता फोन बंद करावा. पण तो म्हणाला, “सरी.” आणि थांबून पुन्हा म्हणाला, “सरी, सरी.”

फोन बंद झाल्यावर त्यानं ढेकूळ उचललं आणि हात लांब करून ग्लासात सोडलं. चार बुडबुडे वर आले. दोघं बघत बसली.

“सुरवात करंजाखालनंच केली हुती,” तो म्हणाला. 

पवित्रा ऑफिसातून थेट इकडं आली. दारातच तिनं आईकडं प्रश्नार्थक बघितलं, मग खिडकीतला ग्लास तिला दिसला. ती वाकून बघू लागली. पाणी नितळ होतं आणि ढेकूळ तळाशी अख्खं बसलं होतं.

“अरे वा, अप्पा! मस्त आहे की. म्हणजे शेत ठीक आहे ना?”

“ठीक हाय,” संग्राम म्हणाला आणि भिंतीकडं कुशीवर वळवायला चंपाला खूण केली.

चंपानं त्याला वळवलं, पाठीशी उशी लावली, अंगावर चादर घातली. मग ग्लास उचलून मोरीकडं निघाली. मोरीच्या दारात ती थोडी थांबली, तशीच मागं फिरली, ग्लास परत खिडकीत ठेवला आणि त्यावर एक ताटली झाकली.